टाचेतली माती

पहिलं रोप वाकलं तेव्हा करेनला वाटलं, तहानलं असेल. तहानलेलं रोप ही तशी चांगली बातमी असते. पाणी दिलं की ते मान वर करतं. तिने गुडघे टेकले आणि कुंडीतल्या मातीत बोट घातलं. माती ओली होती. तिने बोट नाकाशी नेलं आणि ते तिथेच थांबलं.

तो वास तिने लहानपणी घेतला होता, वसईला, वडिलांच्या पानवेलीच्या वाडीत. ओल्या पोत्याखाली काहीतरी विसरून राहिल्यावर येतो तसा वास. वाडीत तो आला की मोठी माणसं बोलायची थांबत.

"क्या हुआ, मॅडम?" पाण्याचे नळ बघणाऱ्या शाहबाजने लांबून विचारलं.

"कुछ नहीं," करेन म्हणाली आणि बोट कोटाला पुसलं. मग कोट काढून एका पिशवीत घातला आणि पिशवीचं तोंड बांधलं. आपण हे का केलं, ते तिने स्वतःलाही विचारलं नाही.

शारजाहून धैदकडे जाणाऱ्या रस्त्यावर, वाळू आणि घाफच्या झाडांच्या मधोमध हे काचघर होतं. बाहेर उन्हाळ्यात लोखंडाला हात लावता येत नसे. आत वर्षभर डोंगरातल्या पहाटेसारखा गारवा. त्या गारव्यात वाढत होती वोलेमीची रोपं. लोक त्याला पाइन म्हणतात, पण पाइनशी त्याचं नातं लांबचं. त्याच्यासारख्या झाडांच्या खुणा कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या खडकांत सापडत. जिवंत झाड कुठे असेल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. मग तीसेक वर्षांमागे, ऑस्ट्रेलियात, सिडनीपलीकडच्या डोंगरांतल्या एका खोल, ओल्या, अरुंद घळीत ते उभं सापडलं. रानातली पूर्ण वाढलेली झाडं शंभरही नाहीत. घळ नेमकी कुठे आहे ते कुणाला सांगत नाहीत. ज्यांना परवानगी मिळते ते बूट जंतुनाशकात बुडवून खाली उतरतात. तरीही कुणीतरी चोरून गेलं असावं आणि त्याच्या बुटांबरोबर मुळं कुजवणारा रोग त्या घळीत शिरला असावा, असा संशय आहे.

सगळा जीव एका घळीत ठेवायचा नाही, म्हणून या झाडाची रोपं जगात ठिकठिकाणी वाढवतात. त्यातली काही इथे आली होती. हिवाळ्यात वोलेमीचा शेंडा पांढऱ्या डिंकाची टोपी चढवून झोपी जातो. इथेही, यंत्राच्या थंडीवर विश्वास ठेवून, रोपांनी टोप्या घातल्या होत्या. वाकलेल्या रोपाची टोपी एका बाजूला कलली होती, पेंगणाऱ्या म्हाताऱ्यासारखी.

दुपारपर्यंत आणखी दोन टोप्या कलल्या.

काचघराच्या प्रमुख डॉ. झारा जेवण अर्धवट टाकून आल्या. मूळच्या लाहोरच्या, शिक्षण इंग्लंडात. बोलणं नेहमी घाईचं, पण रोपांजवळ आल्या की आवाज आपोआप खाली.

"पाणी जास्त झालंय," त्या म्हणाल्या. "फरशीचा निचरा नीट होत नाहीये. पंपाचं मी केव्हापासून सांगतेय. करेन, तुला काय वाटतं?"

इथे सर्वांत लहान रोपं फरशीवरच ठेवलेली असत. ठरावीक वेळी फरशीवर पाणी चढायचं, कुंड्या बुडापासून ते शोषून घ्यायच्या, आणि उरलेलं पाणी उतरून पुन्हा टाकीत जायचं. वाळवंटात एक थेंबही वाया घालवायचा नाही. म्हणजे एका कुंडीतलं जे काही पाण्यात उतरेल, ते प्रत्येक कुंडीच्या दारात जाणार.

"नमुना लॅबला पाठवूया," करेन म्हणाली.

"पाठव. पण रिपोर्ट यायला वेळ लागेल. तोवर ही बाकीची निरोगी रोपं इथे नकोत. बुधवारी सकाळी ती दोन नंबरला हलवू."

दोन नंबरच्या काचघरात मोठी झाडं होती, माणसाच्या उंचीची, या झाडाला येतातच तसे बुंध्यावर फुटाण्यांएवढे फोड आलेली. त्यांचं पाणी वेगळं, दार वेगळं, बूटही वेगळे. तिथे आजवर काहीच शिरलेलं नव्हतं.

करेनने मान हलवली. आताच बोलायला हवं होतं. पण पुरावा नसताना बोलू नये, हा तिच्या शिक्षणाचा पहिला नियम. आणि भ्यालेल्या माणसाला तो नियम फार सोयीचा पडतो.

बोलायचं होतं ते एवढंच, की नाताळनंतरच्या आठवड्यात तिचे वडील इथे काचघरात येऊन गेले होते.

आई गेल्यानंतरचा तो पहिला नाताळ. फ्रान्सिस रॉड्रिग्ज, उभं आयुष्य वाडीत काढलेला माणूस, पहिल्यांदा विमानात बसून मुलीकडे आला होता. विमानतळाबाहेर येताच त्यांनी आधी बॅग उघडली. सुके बोंबील, लोणच्याची बरणी, आणि त्यांच्या मधोमध, केळीच्या सोपटात मुळांवरच्या मातीसकट गुंडाळलेली एक पानवेल.

"पप्पा! हे आणू देत नाहीत," करेन कुजबुजली.

"कुणी विचारलंच नाही, बाय. मी सरळ चालत आलो." मग त्यांचा आवाज बारीक झाला. "यंदा मर आली. अख्खी वाडी बसली. ही एकटी तगली. मार्गारेटने लावलेली आहे ना, तिच्यासारखीच चिवट."

मर हा पानवेलीचा रोग. मुळं कुजतात, देठ काळा पडतो, आणि हिरवीगार वेल बघता बघता आधारावरून खाली उतरते. मर आलेल्या वाडीत एकच वेल तगली, तर त्याचा अर्थ काय? वेल चिवट आहे. पण तिच्या मुळांशी रोगाने बिऱ्हाड केलेलं असू शकतं. तिला काही होत नाही, ती दुसऱ्याला देते. रोपांच्या आजारांवर प्रबंध लिहिलेल्या बाईला हे विमानतळावरच सुचायला हवं होतं. करेनला तेव्हा फक्त आई आठवली. तिने वेल मांडीवर घेतली आणि अल मजाजच्या घरापर्यंत तशीच नेली.

खालिद लगूनच्या बाजूच्या बाल्कनीत, निळ्या बादलीत, वेल लागली. पप्पा रोज सकाळी अनवाणी तिथे बसून तिची माती हाताने सैल करत. नातीशी बोलताना त्यांची पंचाईत व्हायची, कारण क्रिस्टिना सगळ्याला इंग्रजीत उत्तर द्यायची. वेल मात्र त्यांचं सगळं ऐकून घ्यायची.

"आता तुझी वाडी दाखव," एक दिवस ते म्हणाले.

करेन त्यांना काचघरात घेऊन गेली. दाराशी जंतुनाशकात भिजवलेली जाड चटई होती. शेजारच्या फळीवर सगळ्या मापांचे पांढरे बूट होते. नियम साधा होता: बूट घाला, चटईवर उभे राहा, मग आत या.

पप्पा दाराशी थबकले. आतली हिरवी शांतता त्यांनी पाहिली. मग त्यांनी चपला काढल्या, भिंतीला लावून एकीला एक नीट जोडून ठेवल्या, आणि ओल्या चटईवरून लांब ढांग टाकून आत गेले.

पानवेलीच्या वाडीत कुणी चपला घालून जात नाही. फादर असोत नाही तर तलाठी, चपला बांधाबाहेर. कॉलेजात असताना करेन यावर हसली होती. "पान म्हणजे काय देव आहे का, पप्पा?" आणि ते म्हणाले होते, "देव नाही गं. पण बाहेरचं बाहेर राहिलेलं बरं." त्या दिवशी तोच मान त्यांनी तिच्या दाराला दिला होता. फळीवरचे बूट तिला दिसत होते, त्यांच्या मापाचेही होते. तोंड उघडून 'पप्पा, इथे उलटं असतं' एवढंच म्हणायचं होतं. पण तिला तो मान मोडवेना, आणि ती आपले बूट चढवून त्यांच्यामागून आत गेली.

शाहबाजही बघत होता. "बुजुर्ग आदमी, कितना अदब है," तो हळूच म्हणाला.

पप्पा लहान रोपांपाशी उकिडवे बसले. एकाही पानाला त्यांनी हात लावला नाही. "टोप्या घातल्यात की लेकरांनी!" म्हणून हसले. उठले तेव्हा ओल्या फरशीवर त्यांची पावलं उमटलेली होती. एका टाचेच्या ठशात एक बारीक काळी कोर होती. आयुष्यभर मातीत चाललेल्या माणसाच्या टाचा. त्यांच्या भेगांत चिमूटभर माती सहज मावते.

ती कोर करेनला दिसली होती. तिला ती सावली वाटली. की तिने ती सावली ठरवली, ते आता तिचं तिलाच सांगता येत नव्हतं. थोड्या वेळाने फरशीवर पाणी चढलं आणि ठसे पुसले गेले.

आता, पहिली रोपं वाकली त्या संध्याकाळी, करेन घरी आली ती हिरव्या, कडक नासपत्या घेऊनच. बाल्कनीत जाऊन, पप्पा अंघोळीला गेल्याचं बघून, तिने निळ्या बादलीतली वाटीभर माती काढली. एका पातेल्यात माती आणि पाणी, दुसऱ्यात नुसतं पाणी. दोन्हींत एकेक नासपती तरंगत सोडली आणि पातेली ओट्याच्या कोपऱ्यात सरकवली.

ही युक्ती जुनी आहे. मातीत मुळं कुजवणारा तो जीव असला तर पाणी मिळताच त्याचे बीजाणू सुटतात आणि चक्क पोहायला लागतात. त्यांना शेपट्या असतात. कच्च्या फळाचा माग काढत ते सालीपर्यंत पोचतात आणि आत शिरतात. मग पाण्याच्या रेषेपाशी, सालीवर, तपकिरी डाग उमटतात. काही नसलं तर फळ हिरवंच राहतं. दुसरं पातेलं तुलनेसाठी. फळ आपलं आपण सडलं असं नंतर स्वतःला सांगता येऊ नये म्हणून.

"नासपत्या पोहायला सोडल्या?" पप्पांनी टॉवेलने डोकं पुसत विचारलं. "एक तुझी, एक माझी?"

"प्रयोग आहे. हात लावू नका हं."

"किती दिरहॅम किलो?" तिने सांगितलं. त्यांनी रुपये केले आणि डोळे विस्फारले. "एवढ्या पैशांत आमच्याकडे पेटी येते. आणि तू बुडवून ठेवतेस!"

"ग्रँडपा, डोन्ट टच," क्रिस्टिना पुस्तकातून डोकं न काढता म्हणाली. "इट्स मम्माज सायन्स."

"सायन्स मातीत बरबटलंय गं तुझ्या मम्माचं," पप्पा म्हणाले. पातेल्यातली माती त्यांनी ओळखली नाही. ओली झाल्यावर सगळी माती सारखीच दिसते.

नवऱ्याला, मार्कला, तिने सांगितलं ते बेडरूमचं दार लावून. तो हमरिया फ्री झोनमधल्या ऑफिसातून नुकताच आला होता. टाय अजून गळ्यात होता.

"तुला कन्फर्म माहीत आहे का?"

"नाही."

"मग खलास. रिपोर्ट येऊ दे. तोवर सायलेंट राहायचं. मार्चमध्ये तुझं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू व्हायचंय, करेन."

"रिपोर्ट यायच्या आधी ते रोपं हलवणार आहेत. त्यांच्या मुळांत ते असलं तर मोठी झाडंही जातील."

"तू बॉस आहेस का?" मग तो जरा मऊ झाला. "आणि पप्पांचा विचार कर. वाडी गेली, ममा गेल्या. आता त्यांना सांगणार, की तुमच्या पायाने माझी झाडं मेली?"

बाहेर बाल्कनीतून पप्पांचा आवाज येत होता. ते वेलीला विचारत होते, इथलं पाणी मानवतंय ना.

त्यानंतरचे दिवस करेनने भीतीला हाताशी धरूनच काढले. काचघरात रोज आणखी काही टोप्या कलत. ती आत शिरताना बूट बदलायची, चटईवर गरजेपेक्षा जास्त वेळ उभी राहायची, आणि आपल्या श्वासातूनही काही जात असेल असं वाटून झाडांपासून तोंड वळवायची. घरी आली की पर्ससुद्धा न ठेवता ओट्यापाशी. नासपती हिरवी. दुसऱ्या दिवशी हिरवी. तिला आशा वाटायला लागली, आणि तिची तिला लाज वाटली. कारण डाग नसला तरी रोपं मरतच होती. तिला फक्त आपल्या घराचं नाव त्यात नको होतं.

शाहबाजने एकदा तिला टाकीपाशी गाठलं. "मॅडम," तो खालच्या आवाजात म्हणाला, "उस दिन मैंने कुछ नहीं देखा. आप फिकर मत करो."

त्याला वाटलं, आपण तिला धीर दिला. करेनला उलटंच ऐकू आलं. म्हणजे त्याच्याही मनात तेच होतं. आता ते दोघांचं गुपित झालं, आणि गुपिताला एकदा सोबत मिळाली की ते घर करून बसतं.

बुधवारी सकाळी ती स्वयंपाकघरात आली तेव्हा पप्पा दिव्याखाली उभे होते. हातात ओली नासपती. अंगठ्याने ते सालीवरून काहीतरी पुसायचा प्रयत्न करत होते.

"निघत नाही," ते म्हणाले.

करेन जवळ गेली. पाण्याच्या रेषेपाशी तपकिरी डाग होते, काही एकमेकांत मिसळलेले. कडा पाणचट. तिने दुसऱ्या पातेल्यात पाहिलं. तिथली नासपती तशीच, हिरवीगार.

"ठेवा ते, पप्पा."

"ही मर आहे." त्यांनी विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. "देठावर असाच डाग येतो. ही माती माझ्या बादलीतली ना?"

तिने पातेल्यावर झाकण ठेवलं.

"तुझ्या झाडांना काय झालंय, बाय? रोज येतेस आणि आधी पातेल्यात बघतेस. मी काय आंधळा आहे?"

"काही रोपं मरताहेत."

पप्पांनी नासपती हळूच ओट्यावर ठेवली. मग मान खाली घालून ते आपल्या पायांकडे बघत राहिले. लगूनवरून आलेलं धुकं खिडकीच्या काचेला चिकटलं होतं. ते म्हणाले, "मी चपला काढल्या होत्या."

"हो, पप्पा. काढल्या होत्या."

"बाहेरच ठेवल्या होत्या."

"हो."

तिने झारांना फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. घड्याळ बघितलं, ट्रॉल्या लागायची वेळ झाली होती. शाहबाजचा फोन बंद. आत जाताना सगळे फोन बाहेरच्या कप्प्यात ठेवतात, बाहेरचं बाहेर राहावं म्हणून. तो नियम तिनेच केला होता.

डाग पडलेली नासपती तिने दोन पिशव्यांत बांधली, साबणाने हात धुतले आणि किल्ली उचलली. पप्पा दारात उभे होते. पायांत चपला, आणि चपलांवरून, घोट्यापर्यंत, भाजीच्या प्लास्टिकच्या पिशव्या बांधलेल्या.

"मी येतो. मीच सांगतो त्यांना."

"तुम्ही नका येऊ."

"चपला घालून यायचं नाही. अनवाणी यायचं नाही. मग तुझ्या वाडीत यायचं कसं, ते मला आता कळत नाही, बाय. मी गाडीतून उतरणार नाही. पण येतो."

वाद घालायला वेळ नव्हता.

धैदच्या रस्त्यावर धुकं असं पडलं होतं की पुढच्या गाडीचे लाल दिवे तेवढे दिसत, तेही जवळ गेल्यावर. सगळे वाहनचालक धोक्याचे दिवे लावून रांगत होते. करेनला वेग वाढवायचा होता आणि पायाला धीर होत नव्हता. पहिली ट्रॉली निघाली असेल. चाकं ओली असतील. दोन नंबरच्या फरशीवर पाणी चढायची वेळ सकाळचीच. ती मनाशी एकेक गोष्ट मांडत होती आणि प्रत्येक गोष्ट दुसरीत जाऊन बसत होती, गणितासारखी. शेजारी पप्पा पाय सीटवर उचलून घेऊन, गुडघ्यांना मिठी मारून बसले होते. त्यांचे पाय गाडीच्या फरशीला लागत नव्हते.

"उंट आला तर?" ते मध्येच म्हणाले.

"काय?"

"रस्त्यावर. मार्क सांगत होता, धुक्यात उंट येतात." ते हसायचा प्रयत्न करत होते. तिलाही हसू आलं असतं, पण तिचे डोळे पुढच्या लाल दिव्यांवर होते.

काचघराच्या आवारात ती गाडी अर्धवट लावूनच धावली. दोन काचघरांच्या मधल्या सिमेंटच्या पट्ट्यावर ट्रॉल्यांची रांग होती. सर्वांत पुढची शाहबाज ढकलत होता. पुढची चाकं दोन नंबरच्या उंबऱ्याला लागली होती.

"शाहबाज, रुको! अंदर मत लो!"

तो थांबला. दारातून झारा बाहेर आल्या. "धुक्यात अडकलीस का? पहिली ट्रॉली लागलीसुद्धा आत."

"पहिली?"

"ही दुसरी. का? रिपोर्ट आला?"

"नाही." तिने पिशवी पुढे केली. बोलण्यासाठी तोंड उघडलं, पण गरज पडली नाही. झारांनी पिशवी उजेडात धरली, डाग बघितले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. आयुष्य झाडांत गेलेल्या माणसाला नासपतीचा अर्थ सांगावा लागत नाही.

"ही इथल्या कुंडीतली माती?"

इथेच एक वाट होती. हो म्हटलं असतं तरी रोपं हलवणं थांबलं असतं. तेवढंच तर हवं होतं. पण मग माग पंपात शोधला असता, खतात, कुंड्यांत भरायच्या पीटच्या पोत्यात. आणि निळी बादली बाल्कनीत तशीच राहिली असती. तिच्या चपला रोज त्या बाल्कनीतून इथे आल्या असत्या.

"नाही," करेन म्हणाली. "माझ्या घरची."

"आणि तुझ्या घरची माती माझ्या काचघरात कशी आली?"

"मॅडम, मॅट मेरी ड्यूटी है," शाहबाज मध्येच बोलला. "शायद उस दिन सूखी थी..."

"मॅट ओली होती. मी बघितली होती." करेनला आपला आवाज लांबून येतोय असं वाटत होतं. "माझे वडील आले होते. आमच्याकडे पानाच्या वाडीत चपला काढून जातात. ते अनवाणी आत आले, चटई ओलांडून. बूट फळीवर होते. मी त्यांना घालायला सांगितलं नाही. दार मीच उघडलं होतं. त्यांच्या टाचेची माती फरशीवर मला दिसली होती, आणि मी पाणी चढू दिलं."

झारांनी तिच्या खांद्यावरून पलीकडे बघितलं. धुक्यात गाडी उभी होती आणि तिच्यात एक म्हातारा माणूस, पाय पोटाशी घेऊन, काचेला नाक लावून इकडेच बघत होता. झारांच्या चेहऱ्यावरचा राग गेला नाही, पण तो तोंडापर्यंत आला नाही.

"पाणी बंद," त्या म्हणाल्या. "दोन्हीकडचं. आत गेलेली ट्रॉली आहे तिथेच राहील. दोन नंबरच्या दाराआडून कुणी बाहेर यायचं नाही, आत जायचं नाही, मी सांगेपर्यंत." मग करेनकडे न बघता, "तुझ्याबद्दल नंतर बोलू."

दाराच्या काचेतून करेनला आतली फरशी दिसली. मोठी झाडं स्तब्ध उभी होती, शेंड्यांवर पांढऱ्या टोप्या, सगळ्या सरळ. आणि दारापासून त्यांच्या बुंध्यांपर्यंत ट्रॉलीच्या चाकांच्या दोन ओल्या रेघा गेल्या होत्या.

लॅबच्या रिपोर्टातही तेच निघालं, आणि लहान रोपं त्याच आठवड्यात मातीसकट वाफेच्या भट्टीत गेली. त्यांच्याबरोबर निळी बादलीही गेली. वेल पप्पांनी स्वतः उपटली. वाडीत मर आलेली वेल बांधाबाहेर नेऊन जाळतात, ते काम त्यांच्या हाताला ठाऊक होतं. मुळं, माती, सोपटाचा तुकडा, सगळं त्यांनी काळ्या पिशवीत भरलं. शेवटी एक पान हातात राहिलं, कोवळं, हृदयासारखं.

"एवढं एक ठेवू? बायबलात."

"नको, पप्पा."

त्यांनी ते पिशवीत टाकलं आणि गाठ मारली. मग बाल्कनी ब्लीचने धुतली, आणि बादली होती तिथे उरलेला गोल डाग घासत राहिले, तो निघाल्यानंतरही. परत जायच्या दिवशी विमानतळावर त्यांनी करेनच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तू सांगितलंस ते बरं केलंस." पण तिच्या डोळ्यांकडे त्यांनी बघितलं नाही.

करेनला अजून कामावरून काढलेलं नाही. ठेवलंय असंही कुणी म्हणालेलं नाही. मार्च जवळ येतोय आणि मार्क त्याबद्दल बोलत नाही. तोवर तिच्याकडे एकच काम आहे. दोन नंबरच्या टाकीत, जाळीच्या पिशव्यांत, तिने नासपत्या सोडल्या आहेत. दर आठवड्याला नव्या. रोज सकाळी ती पांढरे बूट घालते, चटईवर उभी राहते, आत जाते आणि बाही वर करून गार पाण्यात हात घालते. फळ वर काढून ती ते आधी बोटांनी चाचपते. बघायचं धाडस नंतर होतं. टाकीच्या पलीकडे झाडं तिच्याकडे न बघता उभी असतात. त्यांच्या मुळांशी काय चाललंय ते त्यांनाही ठाऊक नसणार.

वसईहून रोज फोन येतो. आधी पप्पा क्रिस्टिनाची चौकशी करत, मग मार्कची. आता ते थेट विचारतात.

"नासपती कशी आहे, बाय?"

"हिरवी," करेन म्हणते. "आज हिरवी आहे."

पलीकडे ते श्वास सोडल्याचं तिला ऐकू येतं. मग दोघंही फोन तसाच धरून बसतात, कारण उद्याचं विचारायचं कुणी, हे ठरलेलं नसतं.